ज्या मानेला वसुताईंनी हात लावला नव्हता

वसुमती गायधनी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वसुताई, यांची आणि माझी पहिली भेट माझ्या वडिलांच्या मानेमुळे झाली. बाबा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. विमानाच्या पोटात उताणं पडून, मान तिरकी करून, हात वर धरून काम करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांची मान अशी धरली, की मागून कोणी हाक मारली तर ते अख्खेच्या अख्खे वळायचे. मी तेव्हा फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि घरात माझा सल्ला कोणी विचारत नव्हतं. कारखान्यातल्या एका मित्रानं बाबांना सांगितलं, "इंदिरानगरला एक बाई आहेत, एका झटक्यात मान मोकळी करतात." बाबा मला घेऊन निघाले ते झटका खायच्या तयारीनंच.

वसुताईंनी झटका दिला नाही. "काम काय करता?" त्यांनी विचारलं. बाबा सांगायला लागले तसं त्यांनी थांबवलं. "सांगू नका, करून दाखवा." आणि त्यांनी स्वतःच्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली बाजूला सारली. माझे वडील इस्त्रीच्या शर्टासकट त्या टेबलाखाली शिरले आणि हातात नसलेला पाना फिरवायला लागले. वसुताई शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि टक लावून बघत राहिल्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "तुम्ही डावा डोळा मिटून काम करता. का?" बाबांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. डाव्या डोळ्याचा नंबर वाढला होता, आणि उजव्या डोळ्यासमोर काम आणायला ते मान आणखी पिरगाळत होते. त्या दिवशी वसुताईंनी त्यांच्या मानेला बोटही लावलं नाही. चष्मा बदलून या म्हणाल्या.

बाबा घरी येईपर्यंत धुसफुसत होते. "चष्मेवाल्याकडंच जायचं होतं तर इंदिरानगरपर्यंत कशाला आलो?" पण नवा चष्मा लागला, मग वसुताईंनी मानेला हात घातला, आणि चार बैठकांत बाबा पुन्हा खांद्यावरून मागं बघायला लागले. मी प्रत्येक बैठकीला सोबत जात होतो. चौथ्या बैठकीला मी विचारलं, "मला तुमच्याकडे शिकता येईल का?" त्या म्हणाल्या, "आधी पास तर हो."

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडे 'दोन-तीन गोड आठवणी' मागितल्या आहेत. ही पहिली झाली. आणखी एक-दोन देतो, म्हणजे त्यांचंही मन राहील. पण मी लिहायला बसलो आहे तो एका कडू आठवणीसाठी. सोनाबाईंची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी वसुताईंच्याच तोंडून ऐकली आहे. ती आपण जशी ऐकली तशी घडलेली नाही. ती तशीच राहू दिली, तर वसुताईंच्या नावावर एक डाग कायम राहील, आणि तो डाग त्यांचा नाही. ते सांगायचं धाडस या लेखात करणार आहे.

वसुताई परदेशात कायरोप्रॅक्टिक शिकून नाशिकला परतल्या, तेव्हा हा शब्द इथं कोणाच्या जिभेवर बसत नव्हता. काही लोक त्यांना हाडवैद्य समजत, काही मालिश करणाऱ्या. नात्यातल्या एका काकूंनी भर मंगल कार्यालयात विचारलं होतं, "मग तुला डॉक्टर म्हणायचं की नाही?" आजही त्यांच्या पाटीवर 'डॉ.' नाही. फक्त नाव आणि खाली 'कायरोप्रॅक्टर'. मी एकदा त्यावरून हुज्जत घातली. त्या म्हणाल्या, "ज्यांना वाटतं त्यांनी म्हणावं. मी लिहिलं, की मला सगळंच येतं असं मला वाटायला लागेल." मणके, सांधे आणि स्नायू यांच्यावर हातानं उपचार करणं हे आपलं काम, आणि जिथं ते संपतं तिथं पेशंटला पुढच्या माणसाकडे पोचवणं हेही आपलंच काम, असं त्या मानतात. त्यांनी सर्जनकडे पाठवलेले पेशंट मी पाहिले आहेत, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलेले पाहिले आहेत, आणि एका बँक अधिकारी बाईंना तर त्यांनी सरळ रजा घेऊन माहेरी पाठवलं होतं. त्यांची मान तिथं आठ दिवसांत निम्मी बरी झाली.

मान का दुखते, यावर वसुताईंचं भाषण ऐकलं नाही असा माणूस इंदिरानगरमध्ये विरळा. मोबाइलवर खाली घातलेलं डोकं, खांदा आणि कान यांच्यात दाबून धरलेला फोन, एकावर एक दोन उशा, एकाच खांद्यावरची लॅपटॉपची बॅग, वर्षानुवर्षं न बदललेला चष्मा, आणि रात्रभर दात आवळून केलेली काळजी. "मान बिचारी मधे सापडते हो," त्या म्हणतात. "डोकं एकाचं ऐकतं, हात दुसऱ्याचं, आणि ओझं हिच्यावर." म्हणून त्यांच्या क्लिनिकमध्ये तपासणीच्या टेबलाइतकंच बाकीचं सामान आहे. पंचवटीतल्या गुरुजींसाठी पाट आणि बुटक्या चौरंगावर पोथी, शिवणकाम करणाऱ्यांसाठी मशीन, ऑफिसवाल्यांसाठी जुना संगणक. पहिल्या दिवशी पेशंटनं आपलं काम करून दाखवायचं आणि वसुताईंनी बघायचं. मानेला त्या दिवशी हात नाही. हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. पेशंट त्याला 'नाटकाचा दिवस' म्हणतात. मोठमोठे वकील तिथं हवेत फायली चाळताना मी पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांचे हात बघावेत. त्या मान हातात घेतात ती इतकी हळू, की पेशंटला वाटतं अजून सुरुवात झालेली नाही. जिथं सांधा अडला असेल तिथं बोट थांबतं. पुष्कळदा आवाजही येत नाही, आणि आवाज ऐकायला आलेले लोक हिरमुसतात. एका तरुणानं तर तक्रार केली होती, "मॅडम, कट्ट वाजलं नाही." वसुताईंनी टेबलावरची पेन्सिल उचलून त्याच्या कानाजवळ मोडली आणि विचारलं, "आता बरं वाटतंय?"

मनमाडचीही गोष्ट सांगायला हवी. रेल्वेतल्या लोकांच्या पाळ्या कधी कुठे लागतील याचा नेम नसतो, आणि त्यांना नाशिकला येणं जमत नाही, असं लक्षात आल्यावर वसुताई दर पंधरवड्याच्या बुधवारी स्वतः मनमाडला जायला लागल्या. स्टेशनजवळ एका ओळखीच्या घरातली पुढची खोली त्यांना मिळाली होती. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. कितीतरी वर्षं हा क्रम चुकला नाही. मी पास होऊन त्यांच्याकडे लागल्यापासून त्या बुधवारी क्लिनिक माझ्याकडे असायचं.

अशाच एका बुधवारी, अकरा वर्षांपूर्वी, सोनाबाई गावित आमच्याकडे आल्या. मी रुजू होऊन तीन वर्षं झाली होती. हातात सफाई आली होती, पेशंट मला 'मिलिंद सर' म्हणायला लागले होते, आणि ते माझ्या डोक्यात गेलं होतं. द्राक्षबागांमध्ये थिनिंगचे दिवस होते. ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घडातले जास्तीचे मणी छोट्या कात्रीनं कापून काढायचे, म्हणजे उरलेल्या मण्यांना फुगायला जागा मिळते. घड मांडवाला डोक्यावर लटकलेले असतात, त्यामुळे बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान मागं टाकून आणि दोन्ही हात वर करून उभ्या असतात. सुरगाण्याकडून या कामाला टोळ्या येतात. सोनाबाई अशाच एका टोळीच्या मुकादम होत्या. दिंडोरीकडच्या एका बागायतदारानं त्यांना जीपमध्ये बसवून आमच्याकडे पाठवलं होतं.

"मान लय दुखती. हातात मुंग्या येत्यात," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "आज नुसतं बघू. उपचार उद्या, ताई आल्यावर."

"उद्या नाय जमायचं. मी उभी नाय राहिली तं पोरी बसून घेत्यात. मणी काय माझ्यासाठी थांबत नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला येती ना मान मोडाया? मंग मोड की."

त्यांच्या उजव्या तळहाताला कापडाची पट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यात कात्री अडकवलेली होती. मी ती पाहिली. थिनिंगवाल्या सगळ्याच बाया कात्री अशी बांधत असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ओझरमध्ये वाढलेल्या, चहूकडे द्राक्षबागा बघत आलेल्या माणसानं ठरवलं, आणि विचारलं नाही. नाटकाच्या दिवसाचा नियम बाजूला ठेवला. वसुताईंना फोन करता आला असता, तोही केला नाही. सोनाबाईंना टेबलावर झोपवलं आणि मान फिरवली. कट्ट आवाज आला. "हां, मोकळं झालं," त्या उठून बसत म्हणाल्या, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जीप पुन्हा दारात उभी राहिली. सोनाबाईंची उजवी मूठ मिटत नव्हती आणि चालताना पाय कुठेही पडत होते. वसुताई क्लिनिकमध्ये होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या पट्टीबद्दल. "ही केव्हापासून बांधता?"

"दिवाळीपासून. कात्री हातातून निसटून जाती ना."

मला तेव्हा कळलं. टोळीतली दुसरी एकही बाई कात्री बांधत नव्हती. मानेच्या मणक्यांमधली जागा अरुंद होऊन आतला मज्जारज्जू दाबला जात होता, आणि हातातली पकड महिनाभर आधीच जायला लागली होती. अशी मान फिरवायची नसते, हे आमच्या पहिल्या धड्यातच येतं. वसुताईंनी मला विचारलं, "काल काय केलंस?" मी सांगितलं. "गाडी काढ," एवढंच म्हणाल्या.

मेंदू आणि मणक्याच्या सर्जनकडे आम्ही तासाभरात पोचलो. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन ठरलं. दाब जुना होता, हे दुखणं कधी ना कधी असं पुढं आलंच असतं, पण कालच्या झटक्यानं ते आज आलं, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. सोनाबाईंचे मालक देवराम बाहेर बाकावर बसले होते. वसुताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या बायकोच्या मानेला काल माझ्या क्लिनिकमध्ये जे केलं, ते करायला नको होतं. चूक माझी आहे." मी पुढे झालो. त्यांनी माझं कोपर धरलं आणि म्हणाल्या, "तू आत जा, त्यांच्याजवळ बस."

चार दिवसांनी मी राजीनामा लिहून नेला. त्यांनी तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "तू मोकळा होशील. सोनाबाई होतील का?" मग शांतपणे काम वाटून दिलं. दवाखान्यात रोज जायचं, आणि त्या घरी गेल्या की आठवड्यातून दोनदा सुरगाण्याला जाऊन त्यांच्या हाताचे व्यायाम घ्यायचे. "तो हात परत येईपर्यंत तुला सुट्टी नाही." पाच महिने मी तो घाट चढलो आणि उतरलो. काही वेळा वसुताई स्वतः सोबत यायच्या आणि देवरामांच्या अंगणात बसून सोनाबाईंकडून मूगडाळीतले खडे निवडून घ्यायच्या. एक एक खडा चिमटीत पकडायला आधी मिनिट लागत होतं.

इकडे नाशिकमध्ये बातमी पसरली होती, की गायधनीबाईंनी एका बाईची मान मोडली. बाहेरच्या खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. ज्यांच्याकडून पेशंट यायचे त्यांनी पाठवणं थांबवलं. पंचवटीतले एक गुरुजी ठरलेल्या वेळी आले, दारातूनच "आज मुहूर्त बरा नाही" म्हणाले आणि गेले. मी वसुताईंना म्हणालो, "मी सगळ्यांना खरं सांगतो." तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "तू सत्तावीस वर्षांचा आहेस. तुझं नाव आत्ता गेलं, तर कोणी तुझ्या हाताखाली मान ठेवणार नाही. माझं नाव जुनं आहे, सोसेल. गप बस आणि सुरगाण्याची गाडी पकड."

पुढं नाव सावरलं, पेशंट परतले, गुरुजींनाही मुहूर्त सापडला. वसुताई तरुण फिजिओथेरपिस्टांसाठी कार्यशाळा घ्यायला लागल्या. प्रत्येक कार्यशाळेची सुरुवात त्यांनी सोनाबाईंच्या गोष्टीनं केली, आणि प्रत्येक वेळी 'माझ्या हातून झालं' असंच सांगितलं. आपण सगळ्यांनी ती ऐकली आहे. त्यांच्या प्रांजळपणाचं कौतुक करत चहा प्यायलो आहोत. मी तेव्हा मागच्या बाजूला प्रोजेक्टर सांभाळत असायचो. सुरुवातीला मी भीतीनं गप्प राहिलो, मग सवयीनं, आणि नंतर इतकी वर्षं गप्प राहिल्याच्या लाजेनं.

सोनाबाईंचा हात परत आला. पुढच्या हंगामात त्या टोळी घेऊन बागेत उतरल्या, फक्त मान वर करून काम करायचं नाही या अटीवर. तेव्हा वसुताई एक दिवस कात्री घेऊन त्या बागेत गेल्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बायांबरोबर थिनिंग करत उभ्या राहिल्या. संध्याकाळी त्यांना स्वतःची मान खाली आणता येईना. पण कारण हाती लागलं होतं. बागायतदार उंच माणूस, त्यानं मांडव स्वतःच्या उंचीला बांधला होता, आणि काम करणाऱ्या बाया त्याच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. बाबांनी हौसेनं उभं राहायला विमानासारख्या हलक्या दोन घडवंच्या बनवून दिल्या. ठिबकच्या ओल्या मातीत त्यांचे पाय वीतभर रुतले आणि बाया हसून बेजार झाल्या. सोनाबाईंनी द्राक्षांचे रिकामे क्रेट उलटे घातले आणि त्यावर पोरींना उभं केलं. घड डोळ्यांसमोर आले. आज त्या भागात कितीतरी बागांत क्रेटवर उभं राहून काम चालतं, आणि ही युक्ती सोनाबाईंची, असं वसुताई जिथं जातील तिथं ठासून सांगतात. माझी चूक मात्र त्या स्वतःची म्हणून सांगत राहिल्या.

गेल्या महिन्यात सत्काराचं बोलावणं करायला मी सुरगाण्याला गेलो होतो. सोनाबाईंनी उजव्या हातानं चहा पुढं केला. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं कोणाला माझं नाव सांगितलं नाहीत."

"तू एकटा हाय का त्याच्यात? मीच म्हणले व्हते ना मोड म्हणून." मग त्या म्हणाल्या, "बाई तुझं नाव घेत नाय, मंग मी कशाला घेऊ? आता म्हातारा व्हाया लागला तू. तुझं तूच घे."

म्हणून घेतो. सोनाबाई गावित यांची मान मिलिंद पगारे यानं फिरवली. वसुमती गायधनी त्या वेळी मनमाडला होत्या, त्यांनी घालून दिलेला नियम मी मोडला होता, आणि पुढं जे काही सावरलं ते त्यांनी सावरलं. मी त्यांचा शिष्य आहे याचा मला अभिमान आहे, आणि आज पहिल्यांदा तो मोकळेपणानं वाटतो आहे.

हा लेख मी त्यांना आधी दाखवलेला नाही. दाखवला असता तर त्यांनी शेवटची चार पानं काढून घेतली असती. त्या तो आपल्याबरोबरच वाचतील आणि माझ्यावर मनसोक्त रागावतील. वसुताईंना आज साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या हाताला हीच नजाकत राहो, प्रकृती ठणठणीत राहो, बुधवारची गाडी कधी न चुको. माझ्या शुभेच्छेत थोडा स्वार्थही आहे. अकरा वर्षं त्यांनी माझी चूक स्वतःच्या नावानं सांगितली. निदान अकरा वर्षं ती माझ्या नावानं, कार्यशाळेत त्यांना पहिल्या रांगेत बसवून, मला सांगायची आहे. तेवढं आयुष्य आणि त्यावर आणखी कितीतरी वर्षं त्यांना निरोगी लाभोत.